रश्श्यातली फल्ली

"आजी, खरं सांग. रश्श्यात फल्ली टाकली का तू?"

"नाई टाकली," मी म्हणाले.

चीनची पोरगी माझ्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. ओठ सुजून दुप्पट झाले होते. गळ्यावर आणि हातांवर लाल गांधी उठल्या होत्या. श्वास आत ओढला की तिच्या गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज निघायचा. माझी नात तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. नातीची दुसरी मैत्रीण, नागपूरची, जी गाडी चालवत दोघींना घेऊन आली होती, ती पाण्याचा गिलास धरून उभी होती आणि पाणी तिच्या हातावर सांडत होतं.

"हाड अडकलं असंल," मी म्हणाले. "गावरान कोंबड्याचे हाडं लय बारीक राह्यते."

फल्ली म्हणजे शेंगदाणा. आमच्याकडे फल्लीच म्हणतात. ती रश्श्यात होती. चांगली मूठभर, भाजून, पाट्यावर वाटून, मीच टाकली होती. त्या दुपारी मी हे दुसऱ्यांदा नाही म्हणाले. पहिल्यांदा वाढताना म्हणाले होते.

ती पोरगी माझ्या घरी कशी आली ते सांगते.

माझी नात दोन वर्षं चीनमध्ये शिकायला होती. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा शाळेत मास्तर आहे. नात तिकडे गेली तेव्हा मला वाटलं, पोरगी उपाशी मरेल. पण तिला ही मैत्रीण मिळाली. एका सुट्टीच्या दिवशी या मैत्रिणीने तिला आणि आणखी दोघींना आपल्या गावी नेलं. सकाळी निघून रात्रीच्या आत परत. नातीने मला फोनवर सगळं सांगितलं होतं. तिकडेही धानाचे बांध, बांधावर बदकं, घरापुढे वाळत घातलेल्या मिरच्या. म्हातारी आजी एकटी राहते, दात नाहीत, पण बोलायची थांबत नाही. ती आजी सगळा स्वयंपाक डुकराच्या चरबीत करते आणि माझी नात डुक्कर खात नाही. मैत्रिणीने तसं सांगितलं. तर त्या आजीने काही विचारलं नाही. कढई उचलली, मातीने घासली, गरम पाण्याने धुतली, पुन्हा घासली, आणि शेजारून दुसरं तेल मागून आणून हिच्यासाठी वेगळी भाजी केली. नात हसून सांगत होती, "आजी, तीन खेप घासली वो तिनं कढई. मले लाज वाटून राह्यली होती."

मी म्हणाले, "चांगली बाई दिसते."

हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

मग मागच्या साली धान कापून झाल्यावर ती मैत्रीण इकडे फिरायला आली. नात म्हणाली, तिनं मला तिचं गाव दाखवलं, मी तिला माझं दाखवते. एक दिवस येतो, जेवतो, संध्याकाळी नागपूरला परत जातो. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आजी, एक लक्षात ठेवजो. तिले फल्ली चालत नाई. डॉक्टरनं मना केलं हाय. कशातच टाकजो नको."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. डॉक्टरनं मना केलं, हे मी आयुष्यात फार वेळा ऐकलं आहे.

आम्ही बौद्ध. माझ्या बापाच्या वेळेस धर्म बदलला, पण गाव बदललं नाही. माझा मुलगा नोकरीला लागला तेव्हा मी मोठ्या गल्लीतल्या चार बायांना घरी बोलावलं. माझ्या मनात होतं की आता मुलगा मास्तर झाला, त्यांची पोरं शिकवतो, आता तरी घोटभर खातील. दुधाची खीर केली. त्यात बदाम टाकले, जे मी घरच्यांसाठी कधी आणले नव्हते. चौघीही आल्या, हे खरं. एक म्हणाली, "मले डॉक्टरनं दूध मना केलं, बाई." दुसरीचा उपास निघाला. तिसरी म्हणाली, पोट भरून हाय. चौथीने वाटी घेतली. म्हणाली, घरी जाऊन खाते, वाटी पाठवते. दुसऱ्या दिवशी माझी वाटी मला कुंपणापाशी सापडली. खीर मातीत ओतलेली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. दूध मना असलेल्या बाईला मी त्याच आठवड्यात बाजारात उभ्याने पेढा खाताना पाहिलं.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. चीनच्या पोरीला आमची जात काय ठाऊक. ते मला त्या दिवशीही कळत होतं.

सकाळी कोंबडा कापला. रस्सा केला तो फल्लीशिवाय केला. कांदा, खोबरं, खसखस, एवढंच. फल्ली वाटली ती वेगळी, वाटीत काढून ठेवली. संध्याकाळी ते लोक गेल्यावर वांग्यात टाकायची म्हणून. मला सांगितलं तसंच मी वागत होते. हे लिहायला मला बरं वाटतं, पण त्याचा काही उपयोग नाही.

त्या दहाच्या सुमारास आल्या. गल्ली अरुंद, म्हणून गाडी शाळेपाशी सडकेवर उभी केली आणि चालत आल्या. अर्धी गल्ली दारात. माझी जाऊ शेजारीच राहते, ती सर्वात पुढे.

"हेच का वो ते चीनची? साप खाते म्हंते थे लोक."

"तुया हातची भाजी खाणाऱ्याले साप काय जड हाय," मी म्हणाले.

बाया हसल्या. नातीने ते त्या पोरीला सांगितलं असावं, कारण तीही हसली आणि जावेकडे पाहून हाताने सापासारखं करून दाखवलं. जाऊ दोन पावलं मागे सरली. पोरगी बुटकी, गोरी, केस कानापर्यंत कापलेले, पायात मोठे बूट. घरात शिरताना बूट काढले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे तिथे थांबली, हात जोडले. सगळ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "आपल्यातलीच हाय वो हे," कोणीतरी म्हणाली. मलाही तसंच वाटलं. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

मी माठातलं पाणी तांब्यात भरून दिलं. तिने दोन्ही हातांनी तांब्या घेतला, मान लववली, आणि पाणी न पिता खाली ठेवला. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याली.

"तिले बाहेरचं पाणी सोसत नाई, आजी," नात म्हणाली. "पहिल्याच दिवशी पोट बिघडलं होतं नागपुरात."

"बरं."

तिघी शेताकडे गेल्या. मीही गेले. धानाचे भारे बांधावर रचून होते. चीनची पोरगी बांधावरून अशी चालली की जन्मभर तेच केलं आहे. खाली पडलेली एक लोंबी तिने उचलली, दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि नातीला काही बोलली. "म्हंते, आमच्या आजीच्या धानापेक्षा बारीक हाय," नात म्हणाली. मी म्हटलं, "तिले म्हण, बारीक हाय पण वास येते भाताला." ती हसली. तेव्हा मला ती आवडली होती. माझा राग तांब्यावर होता आणि तो उतरत चालला होता.

घरी आल्यावर मी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. कालच शिवल्या होत्या, धुऊन पुसून ठेवल्या होत्या. नागपूरवाली बसली, नात बसली. त्या पोरीने खिशातून पांढरा कागद काढला आणि आपली पत्रावळ पुसली. एकदा पुसली, कागद पाहिला, पुन्हा पुसली. चमचा दिला होता तोही पुसला.

जाऊ दारात उभी होती. तिने ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ओठ दाबले. जावेने बोलून टाकलं असतं तर मी तिला चार शिव्या दिल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मी चुलीपाशी गेले. वाटी समोर होती. अख्खी वाटी रश्श्यात उलटी केली आणि पळीने ढवळलं. मनात जे आलं ते असं: आता खा. खाऊन दाखव. मग पाहू डॉक्टर काय म्हणते.

वाढायला आले तेव्हा नातीने विचारलं, "आजी, यात फल्ली नाई ना?"

"नाई."

फल्लीने माणूस मरू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. हे खरं आहे. मला वाटत होतं, फार तर पोट दुखेल, आणि दुखणारही नाही, कारण दुखणं हे निमित्त आहे. पण मी नाही म्हणाले तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. आणि ती दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या देशात, माझ्या त्या नाहीवर भरवसा ठेवून जेवायला बसली हेही ठाऊक होतं.

तिने भात कालवला, हाताने खाल्ला. पहिला घास, दुसरा. तिखटाने नाक लाल झालं. अंगठा वर करून मला दाखवला. मी जावेकडे मोठ्या तोऱ्याने पाहिलं. पोरीने चार-पाच घास खाल्ले असतील. मग तिने जीभ ओठावरून फिरवली, थांबली, आणि नातीला काहीतरी विचारलं. नात माझ्याकडे न पाहताच बोलली. नंतर मला कळलं, तिने विचारलं होतं, नक्की नाही ना? आणि नात म्हणाली होती, माझी आजी आहे, ती नाही म्हणते म्हणजे नाही.

मग ती खोकू लागली. सगळ्यांना वाटलं, मिरची. जावेने गूळ आणला. मग वाटलं, हाड. पाठीवर थापट्या सुरू झाल्या. त्यात किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पत्रावळीवरचा भात तसाच होता आणि कोंबडी येऊन तो टिपू लागली, कोणी तिला हाकललं नाही. पोरीला बोलता येईना. तिने मूठ वळली आणि आपल्या मांडीवर मारू लागली. एकदा, दोनदा. दाराकडे बोट दाखवायची आणि मांडीवर मारायची.

"ते सुई मागून राह्यली," नात म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तिच्या बॅगेत सुई हाय, पण थे फल्ली खाल्ली तरच टोचायची. आजी, खरं सांग. रश्श्यात फल्ली टाकली का तू?"

तिथे मी म्हणाले, नाई टाकली. आणि वर हाडाचं सांगितलं.

मला माझं तोंड उघडता येत नव्हतं असं नाही. उघडत होतं, पण तेच बाहेर येत होतं. दारात जाऊ उभी होती. नात माझ्याकडे पाहत होती. तिच्यापुढे मी खोटी ठरणार, याची मला त्या पोरीच्या श्वासापेक्षा जास्त भीती वाटली. असं होतं ते.

पोरीचे डोळे फिरू लागले. ओठांचा रंग जांभळासारखा झाला.

"टाकली," मी म्हणाले. "मूठभर. वाटून."

नातीने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग ती ओरडली, "पळ! बॅग! गाडीतली!" आणि नागपूरवाली गिलास टाकून अनवाणी पळाली. बॅग गाडीत होती आणि गाडी शाळेपाशी. जायला यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ नात त्या पोरीचं डोकं धरून तिच्याशी तिच्या भाषेत बोलत होती. मी बाजूला उभी. कोणी मला सरक म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. जाऊ म्हणाली, "काऊन वो असं केलं तू?" हळू विचारलं.

सुई जाड पेनासारखी होती. नातीने ती पॅंटवरूनच मांडीत दाबली आणि धरून ठेवली. थोड्या वेळाने ती शिट्टी कमी झाली. तोपर्यंत नागपूरवालीने गाडी उलटी गल्लीत घातली होती, एका बाजूने जावेचं कुंपण मोडत. तिघी निघाल्या. मी न विचारता मागच्या सीटवर चढले. नात म्हणाली नाही, उतर.

सुईने काम भागत नाही, दवाखान्यात न्यावंच लागतं, हे नातीला माहीत होतं. ब्रह्मपुरीला पोचायला अर्धा तास लागला. वाटेत पोरीला उलट्या झाल्या, त्या माझ्या पदरात झाल्या. तिने मधेच माझा हात पकडला. तिला वाटलं असेल नातीचा आहे.

दवाखान्यात लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण होता. बाहेर आला आणि म्हणाला, "आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. स्वयंपाक कोणी केला?"

"मी," मी म्हणाले.

"सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं," नात म्हणाली. "चुकून पडली."

डॉक्टर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहत नाही, घरच्यांनीच पाहायला पाहिजे. नातीने मान हलवली. माझ्यासाठी तिने बोलणी खाल्ली आणि मी खाऊ दिली.

संध्याकाळी आम्हाला आत जाऊ दिलं. पोरगी उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन. तोंड अजून सुजलेलं, डोळे बारीक झालेले. मला पाहून ती सावरून बसायला लागली. मोठं माणूस आलं म्हणून. मग बराच वेळ काहीतरी बोलली, थांबत थांबत.

"काय म्हंते?" मी विचारलं.

नात खिडकीकडे पाहत म्हणाली, "म्हंते, जेवण लय चांगलं होतं. तुमच्या घरी इतका गोंधळ झाला, आजीला त्रास झाला, मले माफ करा म्हंते."

मी खाली फरशीवर बसले.

"तिले सांग," मी म्हणाले. "चुकून नाई पडली. मी मुद्दाम टाकली. तिनं पत्रावळ पुसली म्हणून टाकली. आन् दोनदा खोटं बोलली. सांग."

"नाई सांगत."

"काऊन?"

"तुले हलकं वाटावं म्हणून तिनं काऊन आयकावं?"

पोरगी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाटलं असेल आम्ही तिच्या काळजीने भांडतो. नात तिला काहीतरी म्हणाली आणि ती हसली. सुजलेल्या तोंडाने नीट हसताही येत नव्हतं.

मग नात मला दाराबाहेर घेऊन गेली. मी तिला खिरीची गोष्ट सांगितली. वाटीची, मुंग्यांची, बाजारातल्या पेढ्याची. तिने ती सगळी ऐकली. तिला ती आधी माहीत नव्हती, आम्ही पोरांना असल्या गोष्टी सांगत नाही.

"त्या बायांनी केलं," ती म्हणाली. "त्यांच्यापैकी कोणाच्या ताटात टाकलं असतं का तू असं?"

नसतं टाकलं. मोठ्या गल्लीतल्या बाईच्या ताटात काही टाकण्याची माझी हिंमत नव्हती. त्या बाया अजून जिवंत आहेत. सडकेवर भेटल्या की मीच आधी बोलते. माझा राग जिच्यावर चालला ती माझ्या ओसरीवरची एकटी परकी पोरगी होती. तिची माणसं दूर होती. तिची भाषा गावात फक्त एकीला येत होती, आणि तीही माझ्यावर भरवसा ठेवून होती. नातीला हे सगळं मी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडलं. त्या तशाच नागपूरला गेल्या, गावात आल्या नाहीत. मी बसने परत आले. पत्रावळी ओसरीवर तशाच होत्या, जावेने उचलल्या नव्हत्या. रस्सा मी उकिरड्यावर ओतला आणि भांडं राखेने घासलं.

नात अजूनही येते. बोलते, पाय दाबून देते, गोळ्या आणते. आली की चुलीपाशी मला बसू देत नाही. म्हणते, तू थकली, मी करते. भाजीत काय टाकते ते मला दाखवून टाकते. दोघी एकाच ताटात जेवतो. ती मला घास पुढे करते आणि मी खाते. माझ्या हातचं तिने त्यानंतर खाल्लेलं नाही, चहासुद्धा नाही. मी कधी विचारलं नाही. ती कधी बोलली नाही.

त्या पोरीने दिवाळीला फोनवर तोंड दाखवलं. आपल्या आजीजवळ बसली होती. बिनदाताची आजी फोनमध्ये डोकं घालून काहीतरी मोठ्याने बोलत होती, मला उद्देशून. नात म्हणाली, "तुले जेवायला बोलावते." मी हात जोडले आणि फोन नातीला परत दिला. त्या म्हातारीच्या तोंडाकडे मला पाहता आलं नाही.

मी ती मुद्दाम टाकली हे तिला कोणी सांगितलं नाही. पोरीलाही नाही. माझ्या माहितीत चौघींनाच ठाऊक आहे: मी, नात, जाऊ आणि ती नागपूरवाली. आता हे मी लिहून ठेवलं. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

पोरगी जगली. तिच्या देशात आहे, नोकरी करते. मीही आहे.